भाजीची मदत ताटापर्यंत पोचते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात बचत गट, तरुण मंडळं आणि शाळा सुधारणा कमिट्यांबरोबर पोषणाच्या सर्वेक्षणाचं काम करताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. कुणाला गरीब घरांसाठी भाजीची कूपनं सुरू करायची असतात. कुणाची योजना वर्षभर चाललेली असते आणि देणगीदार विचारत असतो, उपयोग काय झाला? दर वेळी तोंडी सांगत बसण्यापेक्षा उत्तरं लिहून ठेवते. ज्यांनी कधी सर्वेक्षण केलेलं नाही त्यांनाही समजेल असं लिहिण्याचा प्रयत्न आहे.

रेशनचा तांदूळ आहे, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरातल्या कर्त्या बाईला महिना दोन हजार आहेत. मग भाजीसाठी वेगळी मदत कशाला?

तांदळाने पोट भरतं, आणि ते काही छोटं काम नाही. कर्नाटकात २०१३ पासून रेशनवरच्या तांदळाच्या अन्नभाग्य योजनेने चूल पेटती ठेवली आहे. पण रेशन दुकानात भाजी मिळत नाही, फळ तर नाहीच. शाळेतल्या दुपारच्या जेवणात प्राथमिकच्या मुलामागे ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी धरलेली असते. ती शाळेच्या दिवशी, फक्त मुलांना आणि एकाच वेळेला.

गरज किती, हे एकदा कागदावर मांडून बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. पाच माणसांचं घर घेऊ, त्यात दोन मुलं. मुलांचं थोडं कमी धरलं तरी दिवसाला पावणेदोन किलो भाजी आणि जवळपास अर्धा किलो फळ होतं. भाजी सरासरी ४० रुपये किलो आणि फळांत स्वस्तातलं, म्हणजे केळी, पेरू, पपई, ६० रुपये किलो धरलं, तर रोजचे शंभर रुपये, महिन्याचे तीन हजार.

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला. त्यातला सुमारे साडेपाच टक्के भाजीवर आणि पावणेचार टक्के फळांवर. म्हणजे माणशी महिन्याला अंदाजे दोनशे रुपयांची भाजी आणि एकशे चाळीसचं फळ. पाच माणसांचे सतराशे. ही सरासरी आहे, तिच्यात जमीनदारही आला आणि बिडी वळणारी बाईही आली. निपाणीच्या बिडी कामगाराच्या घरात किंवा वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्याच्या घरात हा आकडा सरासरीच्या खालीच असणार. गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात तेव्हा त्यांच्यापुढे शाळेची फी, औषधं आणि उसनवारी आधीच उभी असते. भाजी त्या रांगेत शेवटची.

अशा योजना कुठे चालतात तरी का?

चालतात, आणि त्यातली एक आपल्या भाजीवरच चालते. बेळगाव तालुक्यातल्या गावांतून निघणारी भाजी जांबोटी-चोर्ला मार्गे रोज गोव्यात जाते. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ ती घेऊन आपल्या विक्री केंद्रांवर बाजारभावापेक्षा कमी दराने विकतं आणि फरक सरकार सोसतं. सवलत गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच. त्या कोबी-फ्लावरची खुडणी करणारी कडोलीची किंवा कंग्राळीची मजूर बाई मात्र पूर्ण भावाने घेते. मला ही गोष्ट मनापासून लागते.

परदेशातलं सगळ्यात नीट तपासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. तिथल्या हॅम्पडेन काउंटीत नोव्हेंबर २०११ ते डिसेंबर २०१२ या काळात एक प्रयोग झाला. सरकारी अन्नमदतीचं कार्ड असलेल्या सुमारे ५५ हजार घरांतून ७,५०० घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. त्या घरांनी एक डॉलरची भाजी किंवा फळ घेतलं की ३० सेंट कार्डावर परत जमा. या लोकांचं फळं आणि भाज्या खाणं इतरांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त भरलं. टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, प्रत्यक्षात ती दिवसाला पाव कप आहे, आपल्या हिशेबाने लहान अर्धी वाटी. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून अहवालात दोन्ही द्यावेत. मिशिगनमध्ये २००९ पासून ‘जेवढ्याची घ्याल तेवढ्याची आणखी’ अशी दुप्पट योजनाही चालते.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला एक अंदाज असा: फळं आणि भाज्या १० टक्क्यांनी स्वस्त केल्या तर खाणं साधारण १४ टक्क्यांनी वाढतं. त्यातले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. आपल्याकडे तेवढंच होईल असं धरून चालू नये, मोजावं.

मूल्यमापन म्हणजे ऑडिट का?

नाही. पैसा ठरल्या ठिकाणी गेला का, हे ऑडिट सांगतं. पैसा गेल्यामुळे काय बदललं, हे मूल्यमापन सांगतं. पावत्या चोख असलेली योजना ताटात काहीच न बदलता संपू शकते.

आमची सगळी कूपनं वापरली गेली. एकही परत आलं नाही. मग योजना यशस्वीच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

एक घर आधी आठवड्याला २०० रुपयांची भाजी घेत होतं. तुम्ही १०० रुपयांचं कूपन दिलंत. आता ते घर ३०० ची भाजी घेईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुधा असं होतं: कूपनची शंभराची भाजी आणि खिशातून १४० ची. एकूण २४०. वाढ झाली चाळीसची. बाकी साठ रुपये डाळीला गेले, तेलाला गेले, पोराच्या वहीला गेले. घरधनिणीने काही चूक केली नाही, तिने संसार चालवला. पण तुमच्या अहवालात शंभर रुपयांची भाजी वाढली असं लिहिलंत, तर ते खोटं होईल.

दुसरी गोष्ट गावातच कळते. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायका संध्याकाळी येताना ओटीत काहीतरी घेऊन येतात: चार वांगी, मेथीची पेंडी, उरलेला घेवडा. ते कुठल्या पावतीत नसतं. कूपन आल्यावर काही बायका मालकाकडे मागायचं सोडतात, कारण मागताना जीव लहान होतो. कूपनने आणलेली भाजी त्या फुकटच्या भाजीच्या जागी आली, तर ताट तेवढंच राहतं. बाईचा मान मात्र वाढतो. तोही फायदाच आहे, फक्त तो ‘भाजी वाढली’ या रकान्यात बसत नाही. त्याचा वेगळा प्रश्न विचारा आणि वेगळा लिहा.

खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीकडे, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळंबी बिनपैशाने घरात येतात. तिथे जून-जुलैत कूपन दिलं तर विकतची कोबी रानातल्या टाकळ्याची जागा घेऊ शकते. पोषणाच्या दृष्टीने तो तोटाच, आणि कूपनांचा हिशेब मात्र शंभर टक्के दिसेल.

सवलतीने पोषण सुधारतंच असंही नाही. चीनमधल्या हुनान आणि गान्सू प्रांतांत गरीब घरांना तांदूळ आणि गव्हाच्या पिठावर सवलत देऊन तपासलं गेलं. पोषण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. वाचलेल्या पैशांतून घरांनी जिभेला आवडणारं घेतलं होतं.

योजनेच्या आधी मोजलं, नंतर मोजलं, फरक काढला. एवढं पुरेल ना?

पुरणार नाही. इथे मी स्वतः चुकले आहे.

एका संस्थेसाठी आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात पहिलं सर्वेक्षण आषाढात केलं आणि शेवटचं पौषात. आषाढात पावसाने भाजी कुजलेली, भाव चढलेले, मजुरी बंद. पौषात बाजारात फ्लावर, कोबी, मेथी, हरभऱ्याची भाजी यांचे ढीग आणि भाव पडलेले. साहजिकच सगळ्या घरांत भाजी वाढलेली दिसली. संस्थेने ती वाढ योजनेच्या नावावर छापली. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. पुढे योजनेत नसलेल्या शेजारच्या गल्लीत सहज विचारून पाहिलं. तिथेही तेवढीच वाढ होती. संक्रांत सगळ्यांच्याच घरी आली होती.

नुसता ऋतूच नव्हे. श्रावणात कित्येक घरांत मांस-मासे बंद, म्हणून भाजी वाढते. ज्या महिन्यात गृहलक्ष्मीचा हप्ता जमा होतो त्या आठवड्याचा बाजार वेगळा असतो. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला, तर वेदगंगा-दूधगंगेकाठच्या गावांत आधीच्या मोजणीला काही अर्थच उरत नाही. शक्य असेल तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात मोजा. त्याहून महत्त्वाचं, त्याच दिवसांत योजनेबाहेरची घरंही मोजा.

योजनेबाहेरची घरं म्हणजे कुणाला तरी वंचित ठेवायचं? गावात भांडणं लागतील.

ही भीती खोटी नाही. पण बघा, पैसा शंभर घरांपुरता आणि अर्ज दोनशे, हे बहुतेक वेळा असतंच. तेव्हा आत्ता कुणाचा नंबर लागतो? सदस्याच्या ओळखीचा, ज्याचा आवाज मोठा तो. त्यापेक्षा देवळाच्या मंडपात सगळ्यांसमोर लहान पोराच्या हातून चिठ्ठ्या काढा. पहिली शंभर घरं आत्ता, उरलेली सहा महिन्यांनी, आणि ती तारीख फळ्यावर लिहून ठेवायची. आपल्याला यात्रेतल्या मानापासून भिशीपर्यंत चिठ्ठीची सवय आहे. चिठ्ठीवर लोक रागावत नाहीत, वशिल्यावर रागावतात.

चिठ्ठीचा दुसरा फायदा असा, की दोन्ही बाजूंना सारखीच माणसं पडतात. स्वतःहून पुढे येणारी घरं मुळातच जास्त जागरूक असतात. त्यांची तुलना न आलेल्यांशी केली, तर योजना चांगलीच दिसणार.

एक अडचण राहते. एकाच गल्लीत एका घराला कूपन आणि समोरच्याला नाही, असं असलं तर वाटीभर भाजी समोर जाते. आपल्याकडे ती जाणारच, आणि जावी. म्हणून घरं निवडण्यापेक्षा गल्ल्या किंवा वाड्या निवडणं बरं. मात्र मग दोन-चार गल्ल्यांवर भागत नाही, संख्या वाढवावी लागते.

किती घरं घ्यायची?

किती बारीक फरक पकडायचा आहे, त्यावर अवलंबून. समजा घरागणिक आठवड्याची भाजी सरासरी ५ किलो आहे आणि घराघरांत अडीच किलोचा चढउतार आहे, म्हणजे घरं सरासरीपासून साधारण तेवढी वर-खाली असतात (संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात). एक ढोबळ नियम असा: चढउताराचा वर्ग करा, फरकाच्या वर्गाने भागा, सोळाने गुणा. एक किलोचा फरक पकडायचा तर प्रत्येक बाजूला १०० घरं लागतात. अर्ध्या किलोचा पकडायचा तर ४००. वीस-तीस घरांवर सर्वेक्षण करून ‘फरक नाही’ म्हणणं म्हणजे अंधारात सुई शोधून सुई नाही म्हणण्यासारखं आहे. गल्लीनिहाय निवड असेल तर घरं याहूनही जास्त लागतील. तेवढी ताकद नसेल, तर मूल्यमापन न करता योजना प्रामाणिकपणे चालवावी. तेही चालतं.

नेमकं काय विचारायचं? लोक खरं सांगतात का?

‘तुम्ही रोज भाजी खाता का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. दारात पाहुणा आला असताना आमच्यात भाजी नसते असं कोण सांगेल? शिवाय ‘भाजी’ या शब्दातच घोळ आहे. आपल्याकडे भाकरीबरोबर जे जे येतं ते सगळं भाजी: झुणका भाजी, मटकीची उसळ भाजी, बटाट्याचा रस्सा भाजी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी रताळी उकडली तर कुणी तीही धरेल. मोजणीत मात्र बटाटा आणि पांढरं रताळं भातभाकरीच्या गटात जातात, झुणका आणि उसळ डाळींच्या. सर्वेक्षणाला जाणाऱ्या मुलींना हे आधी पक्कं शिकवलं नाही तर सगळा कागद वाया जातो.

त्यापेक्षा कालचा दिवस विचारावा. काल उठल्यापासून सुरुवात करायची: चहाबरोबर काय, न्याहारीला काय, दुपारी डब्यात काय, रात्री काय. ‘काल रात्री काय केल्ती वो मावशी?’ असं बोलीत विचारलं की उत्तर आपसूक येतं. ‘वांगं केल्तं की.’ मग किती माणसांत, किती वांगी, तुमच्या वाट्याला किती. प्रमाणासाठी ग्रॅम विचारू नका. त्याच घरातली वाटी आणि पळी समोर ठेवून दाखवायला सांगा. खरेदी विचारताना पेंडी, वाटा, पाव किलो असंच विचारा, आणि त्या आठवड्यात बाजारातल्या पाच-सहा पेंड्या स्वतः तोलून सरासरी काढून ठेवा. पावसाळ्यातली मेथीची पेंडी आणि थंडीतली पेंडी सारखी नसते.

बायकांच्या आहारासाठी एक सोपी कसोटी जगभर वापरली जाते. अन्नाचे दहा गट असतात: धान्य-कंद, डाळी, दाणे-बिया, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या आणि फळं, इतर भाज्या, इतर फळं. काल यातल्या पाच किंवा जास्त गटांतलं खाल्लं असेल, तर आहार पुरेसा विविध समजायचा. दहापैकी चार गट भाजी-फळांचे आहेत, त्यामुळे आपल्या कामाला ही कसोटी चपखल बसते. मात्र चिमूटभर कोथिंबीर पालेभाजीत धरायची नाही. निदान मोठा चमचाभर, १५ ग्रॅमच्या आसपास तरी पोटात गेलं पाहिजे.

यासोबत उपासमारीच्या भीतीचे आठ प्रश्न असतात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने तयार केलेले: पैशाअभावी काळजी वाटली का, कमी खाल्लं का, दिवसभर उपाशी राहावं लागलं का, असे. ते विचारताना शेजारीण जवळ बसलेली नसावी.

प्रश्नावली कोणत्या भाषेत?

घरात जी बोलतात तिच्यात. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असतात. कन्नड फॉर्म हातात घेऊन जागच्या जागी मराठीत भाषांतर करत विचारलं, की दहा मुली दहा प्रश्न विचारतात. आधीच तिन्ही भाषांत लिहून, दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून तपासून घ्या. अंबाडी आणि पुंडी ही एकच भाजी आहे, हे कागदावर नसलं तर दोन भाज्या मोजल्या जातात.

घरातल्या कुणाला विचारायचं?

जी सगळ्यांचं झाल्यावर जेवते तिला.

कर्त्या पुरुषाला विचाराल तर तो बाजारातून काय आणलं ते सांगेल. सासूबाई घरात काय शिजलं ते सांगतील. सून मात्र सांगेल की तिच्या वाट्याला कढईचा तळ आला, भाकरी आणि ठेचा. घराला पाच किलो भाजी मिळाली म्हणजे पाचही ताटांत सारखी गेली असं नसतं. आमच्या भागात अजूनही कित्येक घरांत पुरुष आणि पोरं आधी, मग सासू, शेवटी सून. योजनेची खरी परीक्षा त्या शेवटच्या ताटात असते. म्हणून एकाच घरात दोघांना विचारा, एक कर्ता माणूस आणि एक शेवटी जेवणारी बाई, आणि दोघांची उत्तरं वेगळी मांडा. भाजी वाढल्यावर पहिली कुणाच्या ताटात वाढते आणि सर्वांत शेवटी कुणाच्या, एवढं एक जरी तुमच्या अभ्यासातून कळलं, तरी मी म्हणेन काम झालं.

हे विचारताना सासूसमोर विचारायचं नाही. पाण्याच्या नळावर, अंगणवाडीत, दुपारी भांडी घासताना, असा तिचा एकटीचा वेळ बघावा लागतो. त्याला दिवस जास्त लागतात. लागू देत.

हिमोग्लोबिन तपासलं तर देणगीदाराला ठोस आकडा दाखवता येईल ना?

मोह होतो, पण सहा महिन्यांच्या कूपनांकडून ही अपेक्षा ठेवू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांखालची ६५.५ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आजार मोठा आहे, आणि त्याची कारणंही अनेक आहेत: लोह कमी, जंत, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला कठीण असतं. लिंबू, पेरू, आवळा सोबत असला तर थोडं सोपं होतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी अवघड. रक्तात फरक दिसला नाही म्हणून चांगली योजना बंद पडलेली मला बघायची नाही. रक्त तपासायचंच असेल, तर ज्यांचं कमी निघेल त्यांच्या उपचाराची सोय आधी करा. नुसता आकडा घेऊन निघून यायचं नाही.

भाजी विकणाऱ्या बायकांना यात धरायचं का?

धरायलाच हवं. गणपत गल्लीच्या कडेला बुट्टी घेऊन बसणारी बाई म्हणजे तुमच्या योजनेचं निम्मं अंग. तिने कूपन घेतलं आणि पैसे पंधरा दिवसांनी मिळाले, तर मधल्या काळात ती माल कशावर भरणार? तिचं भांडवल रोजचं. मग ती कूपनवाल्या गिऱ्हाइकाला पेंडीमागे दोन रुपये जास्त सांगते, किंवा सुकलेली पेंडी देते, किंवा कूपन नकोच म्हणते. यातलं काहीही कूपनांच्या हिशेबात दिसत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा दोन वेगळ्या बायकांना बाजारात पाठवा, एकीकडे कूपन, दुसरीकडे रोख, आणि त्याच पाच भाज्यांचे भाव आणि वजन लिहून घ्या. विक्रेत्यांनाही विचारा: पैसे किती दिवसांत मिळाले, गिऱ्हाईक वाढलं का, उरलेला माल कमी झाला का. तीही कमी उत्पन्नाचीच बाई आहे.

आमच्या गावचे लोक बाजाराला महाराष्ट्रात जातात. त्यांचं काय?

सीमाभागात हे विसरून चालत नाही. कुद्रेमनीकडची माणसं शिनोळीला उतरतात, निपाणीकडची कागल-कोल्हापूर करतात. नकाशावरची रेघ भाजीला माहीत नसते. कूपन फक्त सीमेच्या अलीकडच्या विक्रेत्यांकडे चालत असेल, तर त्या घरांना बाजार बदलावा लागतो, वडापचे, म्हणजे शेअर जीपचे, पैसे वेगळे पडतात, आणि कूपन पडून राहतं. अशा वेळी ‘लोकांना भाजीत रस नाही’ असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे. बाजाराचं गाव, अंतर आणि जाण्यायेण्याचा खर्च हे तीन प्रश्न पहिल्याच पानावर असू द्या.

कूपनपेक्षा रोख दिलेली बरी नाही का?

कधी कधी बरी. छपाई नाही, विक्रेत्यांची थकबाकी नाही, बाईला निवड मिळते. पण रोख पैसा भाजीच्या नावाने आला तरी घरात मिसळून जातो. ‘जेवढ्याची घ्याल तेवढ्याची आणखी’ या पद्धतीत आधी स्वतःचे पैसे भाजीवर घालावे लागतात, म्हणून भाजी जास्त वाढण्याची शक्यता असते. मात्र ज्या घरात आठवडाअखेर पन्नासची नोटही नसते, ते घर त्यातून बाहेर राहतं. माझं मत विचाराल, तर सगळ्यात गरीब घरांना सरळ कूपन आणि बाकीच्यांना दुप्पट योजना.

खर्च वाजवी होता हे कसं दाखवायचं?

वाढलेल्या किलोवर भागून. शंभर घरं, आठवड्याला शंभर रुपये, २६ आठवडे: २ लाख ६० हजार. छपाई, फिरती आणि मानधनाचे ६० हजार धरले तर एकूण ३ लाख २० हजार. तुलनेच्या घरांपेक्षा आठवड्याला घरटी एक किलो भाजी जास्त खाल्ली गेली, म्हणजे २,६०० किलो. एका वाढीव किलोला १२३ रुपये पडले. बाजारात भाजी चाळीसला असताना हा आकडा बघून देणगीदार दचकेल. त्याला त्याच पानावर दुसरी ओळही दाखवा: घराच्या हाती आठवड्याला साठ रुपये मोकळे झाले आणि ते डाळीवर, तेलावर, शाळेवर गेले. तो पैसा हरवला नाही, त्याच घरात राहिला.

फरक निघालाच नाही तर?

तर तसं लिहा, आणि का नाही ते शोधा. कूपन लहान होतं का, बाजार लांब होता का, भाजी आणूनही शिजवायला वेळ नव्हता का? सकाळी सातला मजुरीला निघणाऱ्या बाईला तांदळीची पालेभाजी निवडत बसायला अर्धा तास कुठून येणार? कदाचित तिला कूपनपेक्षा निवडलेली भाजी किंवा पटकन शिजणारा दोडका उपयोगी पडेल. हे कारण आकड्यांत सापडत नाही, चुलीशी बसून बोललं की सापडतं.

निकाल गावाला सांगावा का?

ज्यांनी आपला कालचा दिवस उघडा करून सांगितला, त्यांना आधी सांगावा, मग देणगीदाराला. चिठ्ठ्या काढल्या त्याच मंडपात जमा, टक्केवारी बाजूला ठेवा, ‘घरटी आठवड्याला एक किलो’ अशा भाषेत बोला आणि कुणाच्याही घराचं नाव घेऊ नका. सुना शेवटी जेवतात हा मुद्दा पुरुषांसमोर कसा मांडायचा, ते आदल्या दिवशी बायकांनाच विचारून घ्या. आणि तुलनेच्या घरांना फळ्यावर लिहून दिलेली तारीख आली की कूपनं वाटायला सुरुवात करा, अहवाल छापून झालेला नसला तरी.